साकु

जानेवारीत आप्पांच्या उजव्या अंगातला करंट गेला.
वडगावात जातो तसाच, न सांगता.
खरं गल्लीतला तासाभरात परत येतो
आणि शेजारच्या मागांची खडखड पुन्हा सुरू होते.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा
बोलणं तिथेच राहिलेलं.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
मोनाप्पा टर्नर,
सुताचा फरक खपवून न घेणारा,
आता पाण्याच्या तांब्याकडे बघायचा
आणि तांब्याचं नाव शोधत राहायचा.

त्याच आठवड्यात माडीवरची नीलव्वा
लेकीच्या बाळंतपणाला गोकाकला निघाली.
सात कुंड्या आमच्या खिडकीत ठेवल्या.
पंधरा दिवसांत येतो की, म्हणाली.
कुंड्या म्हणजे काय,
तेलाचा डबा, फुटकी बादली,
शिट्टी हरवलेला कुकर,
आणि अर्ध्या किलोच्या कुंद्याचा प्लास्टिकचा डबा,
मिठाईवाल्याचं नाव अजून गुलाबी.
कुंद्याची झाली कुंडी.
त्या दिवशी हसू आलं नाही. आता लिहिताना येतं.

मला झाडांतलं काही कळत नव्हतं.
गोळ्यांच्या वेळा, चादरी, विम्याचे कागद,
रजा संपत आल्याचे फोन,
संध्याकाळी फिजिओची पोरगी आणि तिचा रबरी चेंडू,
"दाबा काका, अजून दाबा,"
आणि चेंडू तसाच गोल.
या सगळ्यात एकच काम असं होतं
जे केल्यावर झालेलं दिसायचं.
माती काळी व्हायची.

म्हणून मी ते करतच सुटले.
रात्री दोनलाही.
नळाला आठवड्यातून एकदा पाणी,
बॅरलला हात लावायचा नाही,
खरं तांदूळ धुतलेलं, डाळ भिजवलेलं,
आप्पांच्या पेल्यात उरलेलं,
सगळं त्या सात तोंडांत.
मग पानओव्याचं एक पान चुरडायचं
आणि बोटं हुंगत
अंधारात बसायचं थोडा वेळ.

पानं पिवळी पडली.
कुकरमधली कोरफड बुडापासून कुजली,
उपटली तर हातात लिबलिबीत आली.
तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडले.
कोरफडीसाठी, असं आप्पांना खुणेनं सांगितलं.
फोनवर नीलव्वा ओरडली,
"किती घालतीस गं? झाड हाय का म्हैस?"

एप्रिलातली सकाळ.
कुंद्याच्या डब्यावर तांब्या कलता धरलेला,
आणि मागून, खाटेवरून:
"साकु."

कन्नड.
घरात कुणी कधी बोललं नाही ती.
आमच्यासाठी ती कचेरीतली, पाट्यांवरची,
दर दोन वर्षांनी बंद पडणाऱ्या एसटीतली.
आप्पांची मात्र लेथवरची.
पलीकडच्या मशीनवर बसलिंग,
दोघांत एक चहा,
बशी भरत आली की ज्याची बशी तो म्हणायचा,
साकु. पुरे.

तीन महिन्यांतला पहिला शब्द, आणि तो पुरे.

नीलव्वाला सांगितलं तर ती हसत सुटली,
मागे बाळ रडत होतं.
"साकु म्हणजे पुरे, खरं हाय.
खरं साकु म्हणजे सांभाळ, वाढीव, असंबी हाय.
तुझ्या आप्पानं कुठलं म्हटलं, इचार की."
विचारलं नाही.

दुसरा शब्द अजून आलेला नाही.
नीलव्वाही नाही. पंधरा दिवसांचा सहावा महिना लागला.
रजा संपली, नोकरीही.
कुंड्या सहा.

पानओवा उजेडाकडे वाकत जातो.
सकाळी आप्पा खुर्ची खिडकीशी ओढायला लावतात,
डाव्या हातानं कुंद्याचा डबा फिरवतात,
पाव फेरा.
एक डोळा बारीक करून बघतात,
जॉब चकमध्ये सरळ बसलाय का,
सूतभर मागे आणतात,
पुन्हा बघतात.

मी मागे उभी, तांब्या घेऊन.
मातीत बोट घालते.
ओली आहे अजून.
तांब्या खाली ठेवते.